गंजात बोल्ट

थेऊरहून ट्रेलरवर आणली तेव्हा
सीटमध्ये कोंबडीचं घरटं होतं, त्यात एक अंडंही.
दोन माणसांची ट्रायम्फ, अडुसष्ट सालची,
रंग सांगता येईल असा कुठलाच नाही.
ट्रेलरवाल्याने विचारलं, "ताई, वजनावर घेतली का?"
पहिल्या दिवशी आत पाय ठेवला
तो थेट बोपोडीच्या जमिनीला टेकला.

तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात मी गेज लावलं.
'गो' आत गेलं पाहिजे,
'नो-गो' जाता कामा नये.
चुकलं, की लाल खडू.
हात कधी थरथरला नाही माझा.
निवृत्तीला त्यांनी घड्याळ दिलं,
ते आता कशासाठी बघायचं, हे कुणी सांगितलं नाही.

आईचा ॲल्युमिनियमचा गंज होता, दूध तापवायचा.
त्यात रॉकेल ओतून बोल्ट भिजत टाकले.
गंजात गंज.
शेडमध्ये एकटीच हसले.
आठ दिवसांनी सत्तावीसांतले चार सुटले.
वहीत पेन्सिलीने लिहिलं: चार.
दुसऱ्या दिवशी: शून्य.
तिसऱ्या दिवशी: शून्य, आणि अंगठ्याचं नख.

वर्षभर पत्रा कापला, जोडला, घासला,
प्रायमर मारला. वाटलं, झालं.
ऑगस्टमध्ये पुटकुळ्या आल्या.
बोट दाबलं की प्रायमर पापडासारखा मोडे
आणि खाली तोच, तांबूस, निवांत,
जणू विचारत होता, घाई कुणाला आहे?
पुन्हा घासला.
विलायतेहून मागवलेल्या पिस्टन रिंगा
एका मापाने मोठ्या निघाल्या.
त्याही सोसल्या.
पण हेड उतरवताना ब्लॉकमधला स्टड तुटला,
अर्धा इंच आत,
तेव्हा मी खडू शोधला.
खरंच शोधला. पर्सच्या चोरकप्प्यात होता.
बॉनेटवर फुली मारली.
ब्लॉक दापोडीला सायमन भालेरावांच्या दारात टाकला,
म्हटलं, भंगारात द्या.
शेडला कुलूप,
आणि दिवाळीपासून होळीपर्यंत
घरी बसून मटार सोलले.

एप्रिलात त्यांचा फोन.
"मॅडम, स्टड निघाला.
उलट्या आट्याचं ड्रिल लावलं, हळूहळू."
पैसे किती, विचारलं.
"राहू द्या. चौऱ्याण्णव साली
तुम्ही माझ्या बाराशे पिना रिजेक्ट केल्या होत्या.
आठवतं?"
नव्हतं आठवत. बाराशे.
"बरोबरच होतं तुमचं, दोन शतांश जाड होत्या.
त्या रात्री लेथ विकायला काढलं.
सकाळी गिऱ्हाईक यायचं होतं, ते आलं उशिरा.
तोवर रिकामं कशाला बसायचं म्हणून
एकेक पीन उतरवत बसलो.
ते आलं तेव्हा चाळीस झाल्या होत्या.
मग त्याला चहा पाजून परत पाठवलं."

बराच वेळ फोनवर कुणीच बोललं नाही.
मागे त्यांचं मशीन फिरत होतं.

कारखान्याच्या रजिस्टरात रकाना अरुंद,
म्हणून आम्ही नुसतं 'रि' लिहायचो.
रिजेक्ट की रिवर्क,
ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

काल संध्याकाळी बॅटरी शेजारच्या टेम्पोची,
पेट्रोल बाटलीतून, नळी हातात धरलेली.
सायमननी किल्ली फिरवली.
आधी खोकला. मग काहीच नाही. मग पुन्हा खोकला,
आणि एकदम सगळी शेड थरथरली,
पत्रे, पाने, पक्कड, माझे गुडघे.
कुठून तरी कोंबडीचं एक पीस उडालं.
अकरा सेकंद.
मग बंद.
"टायमिंग," सायमन म्हणाले, आणि विडी शोधू लागले.
मी म्हटलं, पेट्रोल सांडलंय, बाहेर जाऊन ओढा.
वहीत लिहिलं: अकरा.

बॉनेटवरची फुली पुसायची राहिलीच.
दारं अजून भिंतीला टेकून उभी आहेत,
डाव्या दाराखालचा पत्रा बोटाने मोडतो.
गंजात नवे बोल्ट घातलेत.
सहा.